आजींचा फोन आणि जिन्याशेजारचा गेटवे

ताईंनी फोनवर सांगितलेली तक्रार एका वाक्याची होती : "नेट फक्त बाहेरच्या खोलीत चालतं, आत गेलं की संपलं." घरी पोहोचलो तर आजींनी मला दारातच गाठलं. "नेटचं बघायला आलात ना? मग माझ्या फोनचंही बघा. महिना झाला, मुका पडलाय."

घरच्यांच्या लेखी या दोन वेगवेगळ्या तक्रारी होत्या, नेटची मोठी आणि फोनची किरकोळ. काम संपलं तेव्हा माझ्या लेखी क्रम उलटा झाला होता. गेटवे, म्हणजे घरात नेट आणून वाटणारा डबा, कुठे बसवायचा हे ठरवताना वाय-फायची रेंज सगळेच बघतात. घरचा फोनही त्याच डब्यातून चालणार आहे आणि वीज गेली की त्या फोनचं काय होणार, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधीची मांडणी

घर दुमजली. खाली पुढे बाहेरची खोली, मधे जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर, त्यांच्या कडेने जाणारा पॅसेज, पॅसेजच्या मध्यावर जिना आणि सगळ्यात मागे आजींची खोली. वर ताईंची कामाची खोली, मुलीची खोली आणि एक अडगळीची. भिंती विटांच्या, मधला स्लॅब अर्थातच सळ्यांच्या काँक्रीटचा.

फायबर, म्हणजे नेट आणणारी काचेची तार, पुढच्या दाराजवळून आत येत होती आणि भिंतीवरच्या लहानशा डबीत संपत होती. तिथून हातभर पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार जोडतार, आणि तिच्या टोकाला गेटवे, टीव्हीच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात, दार लावलेला. समोर टीव्हीचा पत्रा, शेजारी सेट-टॉप बॉक्स, खाली फरशी. बसवणाऱ्याने तार जिथे आत आली तिथेच डबा ठेवला होता. दिवसाला ठरावीक घरं उरकायची असतात, त्याच्याकडे तेवढाच वेळ असतो. पण अशा जागी ठेवलेला गेटवे आपली अर्धी ताकद रस्त्यावर उधळतो, कारण त्याच्या एका बाजूला घर असतं आणि दुसऱ्या बाजूला अंगण.

गेटवे हा एक डबा दिसत असला तरी आत चार यंत्रं असतात : फायबरमधल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारा राउटर, वाय-फायचा रेडिओ, आणि साध्या टेलिफोनला इंटरनेटच्या भाषेत बोलायला लावणारा अडॅप्टर. या चौघांच्या जागेच्या गरजा वेगळ्या असतात. फायबरला दाराजवळ राहणं सोयीचं, रेडिओला घराच्या मधोमध आणि उंचावर, फोनला जुन्या टेलिफोनच्या तारेजवळ आणि खात्रीच्या विजेजवळ. तडजोड कुठे करायची हे ठरवणं, एवढंच खरं काम असतं.

कपाटाचं दार उघडलं तेव्हा डब्याला हात लावून ठेवणं कठीण होतं, इतका तो तापला होता. घरगुती गेटवे साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. कप्प्यात थर्मामीटर ठेवला, अर्ध्या तासाने ४७ दाखवत होता. "दुपारी आपोआप बंद होऊन चालू होतो," असं मुलगी म्हणाली होती. त्याचं कारण सापडलं.

मोजमाप

काहीही हलवायच्या आधी मोजायचं, हा माझा नेम आहे. घराचा कच्चा नकाशा कागदावर काढला आणि प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट उभं राहून सिग्नल लिहून घेतला, वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांचा वेगवेगळा. हा आकडा डीबीएम या ताकदीच्या एककात आणि उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तो ३ ने (म्हणजे ३ डीबीने) घसरला की ताकद निम्मी होते, १० डीबीने घसरला की दहावा हिस्सा उरते. वाय-फायवरून नीट बोलता यावं यासाठी उणे ६७ डीबीएम ही कामापुरती सीमा मानतात.

५ गिगाहर्ट्झवर बाहेरच्या खोलीत उणे ४१ आला, जेवणाच्या जागी उणे ६३, वर ताईंच्या खोलीत उणे ७६ आणि आजींच्या खोलीत उणे ८१. आजींच्याच खोलीत भिंतीतल्या पॉइंटला एक रेंज एक्स्टेंडर खोचलेला होता. त्याचे दिवे सगळे हिरवे, पण तो जे ऐकतो तेच पुढे सांगतो, आणि उणे ८१ वर त्यालाच धड ऐकू येत नव्हतं. शिवाय एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचं असल्याने वेग निम्म्यावर येतो तो वेगळाच. तो काढून ठेवला. एक्स्टेंडर लावायचाच असेल तर जिथे रेंज संपते तिथे लावून फायदा नाही. जिथे ती अजून बरी आहे अशा मधल्या जागी लावावा.

ताईंनी मेश संच, म्हणजे घरभर ठेवून एकच वाय-फाय पसरवणारे दोन-तीन डबे, घ्यायचा विचार केला होता. त्याने रेंजचा प्रश्न बहुधा सुटला असता. पण गेटवे कपाटातच तापत राहिला असता आणि आजींचा फोन होता तिथेच राहिला असता. मी त्यांना थांबायला सांगितलं.

जागा ठरवताना

कागदावर घराचा मध्य जेवणाच्या जागी येत होता, फ्रिजच्या वर. कंपनीला आधी फोन करून कळवलं, कारण फायबरचं टोक आणि डबी बहुतेक ठिकाणी त्यांच्या मालकीची असते. मग १५ मीटरची तयार पॅच कॉर्ड आणली, दोन्ही टोकांना हिरवे कनेक्टर. हिरवा म्हणजे आतल्या काचेचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं. निळ्याचं तोंड सरळ असतं. निळा हिरव्यात बसतो, पण तोंडं जुळत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. रंग बघूनच घ्यावी. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो : फायबरच्या टोकात डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच धोका जास्त.

भिंतीला भोक पाडण्याआधी कॉर्ड चिकटपट्टीने कडेकडेने लावून गेटवे दोन दिवस फ्रिजवर ठेवला. आकडे सुधारले, तरी ताईंचे व्हिडिओ कॉल दिवसातून काही वेळा तुटत होते. वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. त्या मायक्रोवेव्ह चालवण्याच्या वेळांशी जुळल्या. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, २.४ च्या वाय-फायच्या पट्ट्यातच, आणि ताईंचा जुना लॅपटॉप त्याच पट्ट्यावर होता. खाली फ्रिजचा पत्रा होताच. मध्य बरोबर निघाला, पण शेजार चुकला.

तिथून तीन-साडेतीन मीटरवर जिना. जिन्याशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन मीटरच्या जरा खाली, उघड्या फळीवर गेटवे ठेवून पाहिला. स्लॅबमधून वर जाताना सिग्नलला जो मार खावा लागतो तो इथे बराच वाचतो, कारण जिन्याची पोकळी वर उघडी असते. आजींच्या खोलीचं दार पॅसेजच्या टोकाला, थेट नजरेच्या रेषेत. नवे आकडे : ताईंची खोली उणे ६०, आजींची खोली उणे ५८, बाहेरची खोली उणे ५५. बाहेरच्या खोलीतला आकडा आधीपेक्षा घसरला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिथे तेवढी ताकद लागतच नव्हती.

गेटवेचे अँटेना उभेच ठेवले. उभ्या अँटेनाचा सिग्नल चारी बाजूंना आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने फारसा जात नाही. वरचा मजला गाठावा म्हणून त्याचं टोक वरच्या खोलीकडे रोखण्यात अर्थ नाही. दोन मजले असतील तर एखादा आडवा करून पाहावा. इथे गरज पडली नाही.

इलेक्ट्रिशियनकडून फळीजवळ एक पॉइंट काढून घेतला. एक्स्टेंशन बोर्डवर गेटवे लटकवायचा नाही हे आधीच ठरलं होतं. कोणीतरी इस्त्रीसाठी प्लग काढतं आणि घरचा फोन जातो.

केसिंगमधली चिमटी

कॉर्ड भिंतीवरच्या प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून नेली. पट्टी बसवून झाल्यावर गेटवेच्या सेटिंगच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहिली. कपाटात असताना ती उणे २१.४ डीबीएम होती. सुटी कॉर्ड जोडल्यावर उणे २१.८, म्हणजे अपेक्षित तेवढीच घट. आता ती उणे २५.९ दाखवत होती.

नेट चालू होतं, वेगही पूर्ण होता, दिवा हिरवा होता. पान उघडलं नसतं तर कळलंच नसतं. पण चार डीबी गेले म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच सांडत होता. घरगुती फायबरच्या नेहमीच्या प्रकारात उणे २७ ही ऐकू येण्याची शेवटची पायरी. पुढे कुठे एखादा जॉइंट जरा बिघडला की लाल दिवा लागला असता, आणि मग सगळा दोष बाहेरच्या तारेवर गेला असता.

पट्टी पुढच्या टोकापासून उघडत गेलो. बाहेरच्या खोलीच्या चौकटीशी पट्टी काटकोनात वळत होती. तिथे झाकण दाबून बसवताना कॉर्ड खाली सापडली होती आणि तिला पेन्सिलीएवढी घडी पडली होती. साधी फायबर ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नये. घरातल्या कामासाठी केलेल्या प्रकारातली सर्वसाधारण जात १० मिलिमीटरपर्यंत सोसते. पेन्सिलीएवढं वळण तिलाही जास्तच. पट्टीचा कोपरा कापून कॉर्डला मोकळा बाक दिला. आकडा उणे २१.९ वर परत आला. उरलेली चार मीटर कॉर्ड तळहाताएवढ्या सैल वेटोळ्यात गुंडाळून फळीमागे ठेवली. तिला आवळपट्टीने करकचून बांधायचं नाही.

आजींचा फोन

आजींचा फोन जुना, जड, आत धातूची खरी घंटी असलेला. त्यांच्याकडे मोबाइल आहे, पण बोटं थरथरतात आणि काचेवर नेमकं बोट टेकत नाही. नातेवाइकांना घरचा नंबर तोंडपाठ आहे. नंबर गेटवेवर आला तेव्हा बसवणाऱ्याने कॉर्डलेस फोन गेटवेशेजारी, बाहेरच्या खोलीत जोडून दिला आणि काम संपलं. मागच्या खोलीतल्या फोनकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मी रिसीव्हर कानाला लावला. टोन नव्हता, पण पार शांतताही नव्हती, बारीक खरखर येत होती. तिथेच शंका आली. दाराबाहेरच्या टेलिफोनच्या डबीत मीटर लावला तर जुन्या तांब्याच्या जोडीवर ४९ व्होल्ट. सेवा बंद झाली होती, पण एक्स्चेंजकडून येणारा वीजपुरवठा तोडलेला नव्हता. घरातली तार तशीच गेटवेच्या फोन पोर्टला जोडली असती तर दोन वीजपुरवठे समोरासमोर आले असते आणि पोर्ट जळण्याची शक्यता होती. म्हणून पहिलं काम : डबीतले घराकडे जाणाऱ्या जोडीचे दोन्ही स्क्रू सोडले, बाहेरून येणारी टोकं टेप गुंडाळून अलग केली आणि "बाहेरची लाइन, घराला जोडू नये" अशी चिठ्ठी आत ठेवली. घरातल्या तारेवर मीटर पुन्हा लावला, शून्य. मगच पुढे. उघड्या टोकांना हात लावायचा नाही, कारण घंटी वाजते तेव्हा त्याच तारांवर ७० ते ९० व्होल्टपर्यंत एसी येते.

घरातली जोडी पॅसेजच्या पायपट्टीवरून आजींच्या खोलीकडे जात होती, म्हणजे नव्या फळीच्या अगदी खालून. तिथेच एक जॅक बसवला आणि गेटवेच्या फोन पोर्टमधून छोटी तार त्यात. एकही नवी तार न ओढता बाहेरच्या आणि आजींच्या, दोन्ही खोल्यांत टोन आला. जिन्याची जागा पक्की व्हायला रेंजइतकंच हेही कारण होतं.

मोबाइलवरून घरी फोन लावला. आजींच्या फोनची घंटी वाजली, पण मेल्यासारखी, एकेक टोला. गेटवेच्या पोर्टला ठरावीकच घंट्यांचं ओझं पेलतं आणि धातूची घंटी त्यातली सर्वांत जड. दोन फोनांनी एवढं व्हायला नको होतं. शोधलं तर वरच्या अडगळीच्या खोलीत, खोक्यांच्या मागे, तिसरा फोन अजून जोडलेला. तो काढल्यावर घंटी अशी खणखणली की आजी उठून बसल्या.

आता फोन येत होता, पण आजींनी नंबर फिरवला की काहीच होत नव्हतं. फोन उलटा केला. खाली धूळ साचलेला बारीक खटका, एका बाजूला टी, दुसऱ्या बाजूला पी. तो पी वर होता, म्हणजे बटण दाबलं की जुन्या डायलसारखे ठोके जात होते. जुन्या एक्स्चेंजला ते कळत, बऱ्याच गेटवेंना फक्त सूर कळतात. नखाने खटका सरकवला. आजींनी बहिणीचा नंबर लावला, पाठ होता, चष्माही घातला नाही. "अगं, मीच बोलतेय," एवढं ऐकलं आणि मी बाहेर आलो.

घरच्यांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. तारेने जोडलेल्या या फोनचा वाय-फायशी काही संबंध नाही, आणि त्याला वेगही नगण्य लागतो. आवाजाची नेहमीची पद्धत सेकंदाला ६४ किलोबिट घेते, आवाज ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, पाठवला जातो त्यांचं वेष्टण धरून ९० च्या आत. फोनवर आवाज तुटत असेल तर मोठा प्लॅन घेऊन उपयोग नसतो, पाकिटं हरवताहेत किंवा उशिरा पोहोचताहेत ते बघावं लागतं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं.

वीज

जुना फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून तांब्याच्या तारेने घरापर्यंत येत. काचेच्या तारेतून वीज येत नाही. वीज गेली की गेटवे बंद, आणि गेटवे बंद की फोन बंद. हे त्या घरात कोणालाच कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "रात्री वीज गेली आणि आजींना बरं वाटेनासं झालं, तर त्या काय करतील?" ताई म्हणाल्या, "फोन करतील की मला वर." मग त्या स्वतःच थांबल्या.

गेटवेच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलं होतं. प्रत्यक्षात मीटरवर तो ९ वॅटच्या आसपास घेत होता. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस आणला, ४४ वॅट-तासांच्या बॅटरीचा. घेताना व्होल्टेज, पिनचा आकार आणि पिनची धन-ऋण बाजू तिन्ही जुळवून पाहिली. यातलं एक जरी चुकलं तरी गेटवे जाऊ शकतो. असा यूपीएस मधेच असल्याने वीज गेल्यावर क्षणाचीही फट पडत नाही. काही इन्व्हर्टर बदली होताना एवढा वेळ घेतात की गेटवे पुन्हा सुरू होतो, आणि फोन परत लागायला दोन-तीन मिनिटं जातात.

या घराची एक जमेची बाजू होती. अशा फायबर जाळ्यात एक्स्चेंज आणि घर यांच्या मधला स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, विजेशिवाय चालतो, त्यामुळे गल्लीची वीज गेली तरी तार जिवंत राहते. जिथे रस्त्यावर विजेवर चालणारी पेटी असते, तिथे घरातला यूपीएस एकटा पुरत नाही.

उरलेलं

वर मुलीच्या खोलीचा कोपरा उणे ७२ वरच अडला होता. जिन्यातून एक लॅन केबल वर नेली आणि घरात पडून असलेला जुना राउटर तिथे फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वाय-फाय देणारा डबा, म्हणून लावला : केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, पत्ते वाटण्याचं काम बंद, त्याचा स्वतःचा पत्ता बदललेला, नाव आणि पासवर्ड गेटवेचेच. पत्ते वाटणारे दोन राउटर एका घरात झाले की प्रिंटर आणि टीव्ही एकमेकांना सापडत नाहीत. पहिल्या चाचणीत वेग ९४ मेगाबिटवर अडला. हा आकडा दिसला की केबलच बघायची, कारण १०० मेगाबिटच्या जोडणीवर एवढाच वेग हाती लागतो आणि गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. खालच्या टोकाची तपकिरी तार जॅकमध्ये पोहोचलीच नव्हती. टोक कापून नवा जॅक पुन्हा दाबून बसवला.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्या घरांचे सिग्नल पाहून गेटवे ११ वर आणि वरचा पॉइंट १ वर ठेवला. डब्यावर छापलेले पासवर्ड बदलले आणि बटण दाबून जोडण्याची सोय बंद केली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी घराचा मुख्य स्विच पाडला. आजींच्या फोनवर टोन होता. दर अर्ध्या तासाने मुलगी वरून खाली येऊन रिसीव्हर उचलून बघत होती. १० वाजून २५ मिनिटांनी यूपीएस संपला, म्हणजे पावणेचार तास. बॅटरी जुनी होईल तसे ते कमी होणार. आजींच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवला : टोन नसेल तर हा मोबाइल उचला, हिरवं बटण दाबून धरा. तो मोबाइल मोठ्या बटणांचा, साधा. हिरवं बटण दाबून धरलं की ताईंनाच फोन लागेल असं त्यात लावून दिलं.

यूपीएसवर बसवल्याची तारीख पेनने लिहिली आहे. सहा महिन्यांनी मुख्य स्विच पुन्हा पाडून वेळ मोजायची, हे ताईंनी कॅलेंडरवर मांडून ठेवलं आहे.